चार तारे की साडेतीन?

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या भागातील एका साप्ताहिकाने दर महिन्याला एका नव्या अल्बमचे परीक्षण लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. पहिलाच अल्बम आठ अहिराणी गाण्यांचा आहे आणि त्याचे गायक माझ्या सासरच्या नात्यातले आहेत. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. संपादकांना लेखाबरोबर पाचपैकी तारेही हवे आहेत. मी अल्बम मोबाइलवर दोनदा ऐकला. पाच गाणी आवडली, तीन आवडली नाहीत. पण चार तारे द्यावेत की साडेतीन, हे कशाच्या आधारावर ठरवायचे ते कळत नाही. मोठे समीक्षक ७.८ किंवा ८.३ असे गुण देतात, ते कशावरून? दादांनी घरी मिठाईचा पुडा आणि एक पाकीट पाठवले आहे, पाकीट मी उघडलेले नाही. आणि छापण्याआधी परीक्षण त्यांना दाखवावे का?

उत्तर :

ताई,

चार की साडेतीन हा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी हाती घेतलात, म्हणूनच तो सुटत नाही. लेख लिहून पूर्ण होईपर्यंत ताऱ्यांचा विचार मनात येऊ देऊ नये, असे मी अनेक वर्षांच्या कामानंतर ठामपणे सांगतो. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे, तरी ती वाचता येते : ‘आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गाण्यात झोका जाणवतच नाही.’ पाच गाणी आवडली आणि तीन आवडली नाहीत, एवढ्यावरून वाचकाला त्या अल्बमविषयी काहीच कळत नाही. या खोडलेल्या ओळीवरून मात्र पुष्कळ कळते. तिच्याकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी तुम्ही अल्बम कशावर ऐकलात याविषयी बोलणे भाग आहे, कारण त्या बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झालेली आहे.

१९९० नंतरच्या त्या कॅसेटच्या दिवसांत मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी परीक्षणे लिहीत असे. भजनांच्या एका कॅसेटविषयी मी लिहिले की गायकाचा आवाज बसलेला आहे आणि लय जागोजागी रेंगाळते. आणि दोन तारे देऊन मोकळा झालो. आठवड्याभराने ते गायक, वयाने माझ्याहून बरेच मोठे, एसटीने माझ्या घरी आले. पिशवीतून त्यांनी स्वतःचा टेपरेकॉर्डर काढला, पण आधी तीच कॅसेट माझ्या यंत्रावर लावायला सांगितली आणि माझ्याच पेटीवर तिचा षड्ज, म्हणजे ‘सा’, शोधायला सांगितला. तो काही केल्या सापडेना. पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत तो कुठेतरी येत होता. मग त्यांनी कॅसेट आपल्या यंत्रावर लावली आणि षड्ज काळी दोनला चोख लागला. माझ्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता. फीत हळू धावत होती, आणि फीत हळू धावली की स्वर उतरतो आणि लयही मंदावते. त्या भजनांना साथीला पेटीच होती आणि पेटी काही दोन पट्ट्यांच्या मध्ये वाजत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या कानांनी मला सांगायला हवी होती. पुढच्या रविवारी मी चूक कबूल करून छापली, परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते दोन तारेच. त्या गृहस्थांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही, याचे ओझे आजही माझ्या मनावर आहे.

मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरचा प्रकार त्याहून फार वेगळा नाही. त्यातून खालच्या पट्टीतले आवाज जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे ढोलाची थाप ऐकू येते आणि तिच्या मागची धुम हरवते, आणि मग आपण लिहून बसतो की वाद्यमेळ पोकळ आहे. व्हॉट्सअॅपवरून हस्ते-परहस्ते आलेल्या फाइलवर तर परीक्षण लिहूच नये, कारण आकार लहान करण्यासाठी ती वाटेत कुठेतरी दाबली गेली असेल, तर तिच्यातले बारकावे झिजलेले असण्याची शक्यता असते. दादांकडून मूळ ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि ते चांगल्या हेडफोनवर किंवा कुणाच्या तरी घरच्या मोठ्या स्पीकरवर ऐका. दोन अल्बमची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जे अधिक मोठ्याने वाजते ते आपल्या कानाला अधिक चांगले वाटते, हा अनुभवी माणसालाही फसवणारा दोष आहे आणि ध्वनिमुद्रण करणारे कित्येक जण गेली कित्येक वर्षे त्याचाच फायदा घेत आले आहेत.

दोनदा ऐकणे पुरेसे नाही. पहिल्यांदा कागद-पेन जवळ न घेता, मध्ये न उठता, पहिल्यापासून आठव्यापर्यंत सलग ऐका, कारण गाण्यांचा क्रम हाही अल्बम करणाऱ्याने घेतलेला निर्णय असतो. दुसऱ्यांदा गाण्याचे शब्द समोर ठेवून, घड्याळ पाहत ऐका आणि जिथे कान टवकारले किंवा कंटाळले तिथला मिनिट-सेकंद टिपून ठेवा. तिसऱ्या वेळी शेजारी दादांचा आधीचा अल्बम असू द्या. त्यानंतर एक-दोन दिवस काहीच ऐकू नका. जे आपोआप ओठांवर येते आणि जे आठवून पाहिले तरी आठवत नाही, त्या दोन्हींची नोंद करा. मग शेवटचे ऐकणे. आठ गाण्यांसाठी हे फार झाले असे संपादकांना वाटेल, पण ज्या माणसाने त्या आठ गाण्यांसाठी कदाचित वर्ष घालवले आहे त्याच्या कामासाठी आपले चार-पाच तास फार नाहीत.

आता ते ७.८ आणि ८.३. आकड्यांचा हा रिवाज मुख्यतः अमेरिकेतला आणि इंग्लंडातला. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ या अमेरिकन समीक्षकाने १९६९ पासून ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात छोट्या परिच्छेदांची परीक्षणे लिहिली आणि शाळेतल्या गुणपत्रिकेसारखी प्रत्येक अल्बमला ए, बी, सी अशी श्रेणी दिली. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने पाच तारे लोकप्रिय केले. ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने ०.० ते १०.० अशी दशांशाची मोजणी रूढ केली. म्हणजे तिथे एकूण १०१ पायऱ्या झाल्या. पुढे २००१ साली ‘मेटाक्रिटिक’ ही सेवा सुरू झाली. ती निरनिराळ्या समीक्षकांचे तारे, श्रेणी आणि गुण शंभराच्या मापात बदलून त्यांची सरासरी काढते. ही सरासरीही साधी नसते. काही प्रकाशनांच्या मताला अधिक वजन दिले जाते, आणि ज्या परीक्षणाला आकडाच नसतो, त्याचा मजकूर वाचून तिथली माणसेच त्याला अंदाजाने गुण ठरवतात. म्हणजे जो आकडा पाहून आपण दबून जातो, त्याच्या मुळाशीही पुष्कळदा कुणीतरी वाचून केलेला अंदाजच असतो.

या आकड्यांना बदलताना जगाने पाहिलेले आहे. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ या अल्बमला पिचफोर्कने २००१ मध्ये ६.४ गुण दिले होते. २०२१ मध्ये त्यांनी आपल्या १९ जुन्या परीक्षणांचे गुण बदलले, तेव्हा त्याच अल्बमला १० गुण मिळाले. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर रोलिंग स्टोनने १९६९ मध्ये कठोर टीका केली आणि २००३ मध्ये त्याच नियतकालिकाने सर्वकाळच्या ५०० श्रेष्ठ अल्बमच्या यादीत त्याला २९ वे स्थान दिले. ध्वनिमुद्रण तेच होते. मधल्या काळात ऐकणाऱ्यांचे कान आणि त्यांच्या अपेक्षा बदलल्या. माझ्या मते ७.८ आणि ७.९ मधला फरक कुणाच्याही कानाला कळत नाही, आणि कळतो असे म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. तरीही हे आकडे निरुपयोगी नाहीत. ख्रिस्टगाऊंचा नियमित वाचक वर्षानुवर्षे त्यांचा ‘बी’ म्हणजे काय हे अनुभवाने शिकत गेला होता, म्हणून ती दोन-चार अक्षरे त्याच्याशी बोलत. तुमचे वाचक तुमच्या ताऱ्यांना अजून ओळखत नाहीत, तेव्हा ती ओळख तुम्हीच करून द्यायला हवी.

यालाच मी पट्टी ठरवणे म्हणतो. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी पाचमध्ये. त्यात कुणाचेच काही चुकत नाही, पण गाणे सुरू होण्याआधी पेटीवाल्याला पट्टी सांगावी लागते आणि मध्येच ती बदलून चालत नाही. पहिल्याच अंकात एक चौकट द्या आणि प्रत्येक ताऱ्याचा अर्थ शब्दांत लिहा. माझ्या चौकटीत पाच तारे म्हणजे ‘पाच वर्षांनीही मी हे आपणहून ऐकेन’, चार म्हणजे ‘विकत घेऊन ऐकावे आणि दुसऱ्यालाही सांगावे’, तीन म्हणजे ‘यातली काही गाणी ऐकावीत, कोणती ते लेखात लिहिले आहे’, दोन म्हणजे ‘गायकाच्या चाहत्यांपुरते’ आणि एक म्हणजे ‘प्रयत्न फसला’, असे मी लिहीन. अर्धा तारा मुळातच ठेवू नका. साडेतीन हा आकडा बहुधा तेव्हाच सुचतो जेव्हा लिहिणाऱ्याला तीन द्यायचे असतात आणि द्यायचा धीर होत नसतो. आणि या पट्टीत सर्वांना मोजा, मुंबईच्या मोठ्या कंपनीचा अल्बम असो की शिरपूरच्या छोट्या स्टुडिओतला. आपल्या माणसांसाठी सैल माप वापरले की आपल्या माणसांचाच अपमान होतो.

मराठीत या ताऱ्यांवाचूनही उत्तम संगीतसमीक्षा झालेली आहे, हे तुम्ही मराठीच्या शिक्षिका म्हणून अवश्य लक्षात घ्यावे. वामनराव देशपांडे यांनी १९६१ च्या ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथात शास्त्रीय गायनातल्या घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. स्वराच्या टोकाकडे किराणा, लयीच्या टोकाकडे आग्रा, आणि दोहोंचा तोल साधणारे जयपूर मध्यावर. यात कोण कोणाहून श्रेष्ठ याचे गुणपत्रक नाही, अर्थात त्यांची आवड-निवड त्यांनी लपवलेलीही नाही. हे गाणे स्वतः काय साधू पाहते, हे त्यांनी आधी विचारले. दादांच्या अल्बमलाही हाच प्रश्न प्रथम विचारा. लग्नाच्या वरातीत नाचण्यासाठी केलेले गाणे नाचायला लावते का, हे पाहावे. त्यात शब्दांचे गांभीर्य नाही म्हणून तारा कापू नये. आणि आईच्या आठवणीचे म्हणून केलेले गाणे नाचायला लावत असेल, तर ते किती लोकांनी पाहिले हे सांगून त्याचा बचाव होऊ नये. अहिराणी गाणी आता यूट्यूबवर कोटींच्या घरात पाहिली जातात याचा मला मनापासून आनंद आहे, पण ती संख्या परीक्षणाच्या कामाची नाही.

आता तुमची खोडलेली ओळ. तुमचे पत्र आल्यावर मी तो अल्बम मिळवून दोनदा ऐकला. माझे तारे तुम्हाला सांगणार नाही, पण तिसऱ्या गाण्यापाशी मी तुमच्यासारखाच थांबलो. आखाजीला माहेरी आलेल्या मुली निंबाला बांधलेल्या झोक्यावर जे गातात, त्या गाण्याची लय कुणी तबलजी धरत नाही, ती दोर धरतो. झोका वर जातो तेव्हा ओळीचे शेवटचे अक्षर लांबते, अगदी वरच्या टोकाला क्षणभर श्वास थांबतो, आणि झोका परत फिरला की खाली उभ्या असलेल्या बाया पुढची ओळ उचलतात. चार मीटर लांबीच्या दोराच्या झोक्याला एकदा जाऊन परत यायला सुमारे चार सेकंद लागतात, हे पदार्थविज्ञानाचे साधे गणित आहे आणि झोका जोराने घेतला तरी त्यात विशेष फरक पडत नाही. म्हणून ती गाणी गावोगाव वेगळ्या तोंडांनी गायली जाऊनही चालीत एकमेकींच्या जवळ राहिली असावीत, असे मला नेहमी वाटते. दादांच्या गाण्यात मी घड्याळ लावून ठोके मोजले, ते मिनिटाला १४० भरले. म्हणजे चार सेकंदांत नऊ ठोके आणि वर थोडा तुकडा. ओळ संपते न संपते तोच पुढचा ठोका येऊन तिच्यावर आदळतो, लांबायचे अक्षर जागच्या जागी तुटते, आणि वरच्या टोकाचा तो श्वास घ्यायला गायकाला जागाच उरत नाही. त्यावर कीबोर्डचे भरीव सूर आणि आवाजावर यंत्राने केलेली स्वरांची दुरुस्ती आहे, त्यामुळे स्वरांमधली ती किंचित ओढही सपाट झाली आहे, जी आपल्या आया-मावश्यांच्या गळ्यात होती. तुमच्या कानाने हे नेमके पकडले होते. फक्त ते कुठून येते हे शोधायचे राहिले. तसे शोधून लिहिलेत की दादांनाही ते पटण्याची शक्यता आहे, कारण मग ते तुमचे मत राहत नाही, त्यांना स्वतः पुन्हा ऐकून पडताळता येईल अशी गोष्ट होते.

शब्दांच्या बाबतीत तुमचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. अल्बमवर ‘खान्देशी गीते’ असे छापले असले, तरी यावल-रावेरकडची लेवा गणबोली, तुमच्या अमळनेर-धुळ्याकडची अहिराणी आणि सातपुड्यातल्या भिली-पावरी या एक नव्हेत, हे आपण जाणतोच. पाचव्या गाण्यात एका कडव्यात ‘मन्हा’ आणि ‘शे’ येते आणि पुढच्याच कडव्यात ‘माझा’ आणि ‘आहे’ येते. हे गाण्याची गरज म्हणून आले की यमकाच्या सोयीसाठी, हे तुम्ही सांगू शकाल, दूरचा समीक्षक सांगू शकणार नाही.

लेख पूर्ण झाला की तारे न लिहिता तो एखाद्या जाणत्या मैत्रिणीला वाचायला द्या आणि तिला विचारा, यावरून किती तारे वाटतात? तिने तुमच्या मनातलाच आकडा सांगितला तर उत्तम. तुमच्या मनात चार असून ती तीन म्हणाली, तर बहुधा लेख खरा असतो आणि चार हे नात्याचे असतात. कापसाच्या खरेदीत व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढतो, बोटांत ताणून धागा पाहतो, ओलावा मोजतो. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ च्या वर गेला की माल घेत नाहीत. भाव कमी मिळालेल्या शेतकऱ्याला राग येतो, परंतु ‘कमी का?’ या प्रश्नाला ओलाव्याचा आकडा दाखवता येतो. गाण्यात असे एकच मोजमाप नसते, म्हणून आपले ‘का’ आपल्याला वाक्यांनी द्यावे लागते. कापलेल्या प्रत्येक ताऱ्यामागे गाणे, कडवे आणि मिनिट दाखवता आले पाहिजे, आणि दिलेल्या प्रत्येक ताऱ्यामागेही.

पाकीट न उघडता आजच परत करा. परीक्षण छापून आल्यावर परत केले तर त्याचा अर्थ उलटा निघेल. कुणाच्या हाती पाठवू नका, स्वतः जा, आणि ‘दादा, हे माझ्याकडे राहिले तर मी तुमचे कौतुकही मोकळेपणाने करू शकणार नाही’ एवढेच सांगा. मिठाई घरात सगळ्यांनी खाल्लेली असेल, तिचा बाऊ करू नका. नात्याचा उल्लेख लेखाच्या पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात करा, आणि संपादकांना हे नाते पत्रानेच कळवा. त्यांनी हा अल्बम दुसऱ्याकडे द्यायचे ठरवले तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच पानावर अल्बमची जाहिरात येणार असेल, तर ती दुसऱ्या पानावर घ्या असे सांगण्याचा अधिकार परीक्षण लिहिणाऱ्याला आहे.

छापण्याआधी परीक्षण दादांना दाखवू नका, मात्र माहिती जरूर पडताळून घ्या, आणि त्यासाठी त्यांना फोन करा. ढोलकी कुणी वाजवली, कोरसमध्ये कोणत्या बाया आहेत, ध्वनिमुद्रण कुठे झाले, तिसऱ्या गाण्याखाली नुसते ‘पारंपरिक’ लिहिले आहे ते कुणाच्या तोंडून घेतले, हे सगळे विचारा आणि नावांचे ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याकडूनच लिहून घ्या. त्या गाण्याची चाल त्यांना कुणा म्हातारीने शिकवली असेल आणि ती हयात असेल, तर एका सकाळी तिच्याकडे जाऊन तेच गाणे तिच्या आवाजात ऐका, तिची परवानगी घेऊन मोबाइलवर उतरवून ठेवा, आणि मग लेखाला बसा. संपादकांकडून त्यासाठी एक आठवडा जास्तीचा मागून घ्या. मासिक सदराला तेवढी सवड निघते.